राहण्याचा पुरावा

पहाटे पाच पन्नास. एल्डन स्ट्रीटच्या टोकाला
हीटर बंद ठेवून गाडीत बसतो मी.
नळीतून धूर दिसला की पडदे हलतात.
सत्तावीस वर्षं बॉस्टनच्या पोलिसात काढली,
आता शाळाखातं तासावर पैसे देतं,
मुलं रात्री कुठे झोपतात ते शोधायचे.

हद्द रस्त्याच्या मधोमध आहे.
रंगवलेली नाही, कचऱ्याच्या डब्यांवरून कळते:
अलीकडे निळे, पलीकडे हिरवे.
निळ्यांच्या शाळेत पोहायचा तलाव,
हिरव्यांच्या शाळेत गळक्या छताखाली बादल्या.
यावर मत देणं माझ्या कामात बसत नाही.

निनावी फोन आला होता. करणाऱ्याला शंभर डॉलर.
विद्यार्थिनी विडलिन, इयत्ता पाचवी.
आई रोझमेन, हैतीची, वृद्धाश्रमात रात्रपाळी.
कागदोपत्री पत्ता निळ्या बाजूचा, मावशीचा.
विजेचं बिल, भाडेकरार, नोटरीचा शिक्का,
सगळं इतकं जिथल्या तिथे
की तिथेच मला शंका आली.

मावशीकडे गेलो. रीतसर, ओळखपत्र दाखवून.
टूथब्रश कोरडा.
पलंगाखाली सपाता, दोन नंबरांनी लहान.
मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली, मी इथेच राहते.
बरं, म्हटलं, मग न्हाणीघरातला दिवा लाव बघू.
तिने बटण दाबलं. पंखा सुरू झाला.
आम्ही दोघं तो पंखा ऐकत उभे राहिलो.
मावशीने विचारलं, कॉफी घेणार का?

त्यानंतर दहा दिवस, दहा फोटो.
हिरव्या बाजूचं दार, सहा वाजून चार मिनिटं.
जांभळी टोपी, दप्तर,
आईच्या अंगावर अजून रात्रीचा गणवेश.
रस्ता ओलांडताना दोघी कधी धावल्या नाहीत.
धावणारा माणूस नजरेत भरतो,
हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

सुनावणीला रोझमेनने वकील आणला नाही.
मुलीची विज्ञानाची वही आणली,
बाईंचा शेरा दाखवायला: उत्कृष्ट.
गृहपाठ होता, एक गोष्ट निवडा,
दहा दिवस बघा, दिसेल तेवढंच लिहा.
वही हातोहात फिरत माझ्यापाशी आली.

दिवस पहिला. करडी गाडी. आत म्हातारा. अंड्याचं सँडविच.
दिवस तिसरा. खूप थंडी. तो हातांवर फुंकर मारतो.
दिवस सहावा. आज दाढी केलेली नाही.
दिवस आठवा. आम्ही निघालो की तोही निघतो.
दिवस दहावा. निष्कर्ष: हा माणूस इथे राहत नाही.
पण रोज येतो. उशीर करत नाही.

अक्षर सुबक. गाडीचा नंबर बरोबर.
माझ्या अहवालात एका ठिकाणी तारीख चुकली होती,
ती मी तिच्या वहीवरून दुरुस्त केली.

निकाल अकरा मिनिटांत लागला.
नाव कमी. वर्षाला एकोणीस हजार,
दीड वर्षाची वसुली, हप्त्यांनी दिली तरी चालेल.
रोझमेनने एवढंच विचारलं, वही परत मिळेल का?
कारकून बाई म्हणाल्या, ती आता फाइलला लागली.

सोमवारी दुसरा पत्ता, दुसरी गल्ली.
हीटर बंद. सँडविच कागदात तसंच.
समोर वरच्या मजल्यावर एका खिडकीत दिवा लागला,
कुणीतरी लहान तिथे येऊन उभं राहिलं,
आणि मी सीटवर
जरासा खाली सरकलो.