वजन बदलेनासं झालं की

डेल्मरने यंत्र आणलं तेव्हा माझी गाडी गॅरेजबाहेर गेली,
ती बाहेरच राहिली. नऊ हिवाळे.
बर्फाने खिंड एकदा अकरा दिवस बंद होती,
तेवढं निमित्त पुरलं त्याला.
मग वाटाणे, अंडी, एल्क हरणाचा रस्सा,
नातवासाठी आइस्क्रीमसुद्धा,
जे तोंडात खडूसारखं मोडतं
आणि मग त्याला आठवतं की आपण आइस्क्रीम होतो.

ओट्यावर बोटाने रेघा मारत त्याने मला समजावलं होतं:
आधी गोठवायचं, उणे चाळीसपर्यंत.
मग पंपाने हवा ओढून घ्यायची, आणि हळूच ऊब द्यायची.
बर्फ वितळत नाही, आर्डिथ,
पाणी व्हायच्या भानगडीतच पडत नाही,
सरळ वाफ होऊन निघून जातो.
मी म्हटलं, तुझे वडील गेले तसा.
तो हसला नाही. पंपाचं तेल गाळत बसला
कॉफीच्या गाळणकागदातून.

त्याचा भरवसा फक्त काट्यावर.
हाताला कोरडं लागलं म्हणजे कोरडं झालं असं नाही.
ट्रे काढायचा, तोलायचा, परत आत सरकवायचा,
दोन तासांनी पुन्हा तोलायचा.
वजन बदलेनासं झालं की समजायचं, झालं.
पिशवीचं तोंड बंद करायचं
माझ्या केस सरळ करायच्या इस्त्रीने.
(मला नवी आणून देणार होता.)
वर तारीख, ग्रॅम, आणि त्याच्या तिरक्या अक्षरात: पंचवीस वर्षं.
मी हिशेब केला. तेव्हा मी शहाण्णव, तू शंभर.
रस्सा खायला दात कुणाला असतील?
तर म्हणाला, रश्श्याला दात कशाला.

मध वाळत नाही. लोणी वाळत नाही.
दोनदा करून बघितलं त्याने,
दोन्ही वेळा ट्रे मी घासले
आणि दोन्ही वेळा आम्ही रविवारपर्यंत बोललो नाही.

एप्रिलात अँब्युलन्स आली तेव्हा पाच ट्रे आत होते.
चौथ्या दिवशी आयडाहो फॉल्सहून मी एकटी परतले.
गॅरेजमध्ये पंप घुमत होता
आणि पडद्यावर सवाल: आणखी वाळवायचं?
मी हो दाबलं.
सकाळी पुन्हा विचारलं. हो.
असं सहा वेळा.
कॅसरोल घेऊन आलेल्या शेजारणी
आवाजाकडे कान देऊन एकमेकींकडे बघायच्या.
तो आवाज, ज्याला मी नऊ वर्षं शिव्या घातल्या,
उशीखाली घेऊन झोपावा असा झाला.
वजन केव्हाच बदलेनासं झालं होतं. मी तोललंच नव्हतं.

यंत्र बंद केल्यावर आतल्या भिंतीवर
बोटभर जाडीचा बर्फ. रश्श्यातलं सगळं पाणी.
दार उघडं ठेवलं, नळी बादलीत सोडली.
संध्याकाळपर्यंत अर्धी बादली,
नितळ, बिनरंगी. वाकून वास घेतला:
तमालपत्राचा, असेल नसेल एवढा.
डेल्मर हे पाणी मोरीत ओतायचा.
मी रास्पबेरींना घातलं.
त्या आल्या दरवर्षीसारख्याच. जरा आंबट.

जनेल म्हणते, यंत्र विकून टाक.
गिऱ्हाईक शनिवारी येतंय, चॅलिसहून, ट्रक घेऊन.
गाडी आत घेता येईल म्हणा.

आज सकाळी टोस्ट करपला.
तेवढ्यावरून मी त्या शेवटच्या रश्श्याची एक पिशवी फोडली.
हातात काहीच नसल्यासारखी हलकी,
गाजराचे काप वाडग्यात पडले तेव्हा बटणांसारखे वाजले.
फळीवरच्या त्याच्या वहीत लिहिलंय:
दीड कप उकळतं पाणी. झाकण. दहा मिनिटं.
खाली दोनदा अधोरेखित: ढवळू नकोस.

मी ढवळलं.