सराव पाठ क्रमांक सात

विषय कला. घटक यथार्थदर्शन.
इयत्ता आठवी ब. पटावर एकेचाळीस, हजर तेहतीस.
बाकीचे आठ बंदरावर, जाळ्याला शिसं ओवायला.
ते टाचणात लिहायचं नसतं.

उद्दिष्टांच्या रकान्यात क्रियापदं ठरलेली आहेत:
विद्यार्थी ओळखतो, सांगतो, रेखाटतो, तुलना करतो.
मी एकदा लिहिलं होतं, विद्यार्थी बघत राहतो.
केळुसकर मॅडमनी लाल पेनानं विचारलं,
हे मोजणार कसं?

विद्यापीठाच्या उपकेंद्रात पंखा कुरकुरतो
आणि आम्ही टिपणं काढतो:
मूल दुसऱ्या वर्षी गिरगोट्या मारतं,
सातव्या वर्षी जमिनीची रेघ काढतं,
बाराव्या वर्षी त्याचा हात आखडतो.
बाराव्या वर्षी माझ्या हातात रंगाचे डबे होते.
मिरकरवाड्याला, ओढून काढलेल्या बोटींखाली
अब्बा फळीवर नावं लिहायचे.

'नूर-ए-दर्या'. शेजारच्या बोटीवर 'महापुरुष प्रसाद'.
दर दोन्हींना एकच, अक्षराला इतके,
काना-मात्रा फुकट.
नाळीकडे फळी वळते. तिथला 'र्या' ते एवढा रुंद काढायचे
की जवळून ते अक्षर वाटायचंच नाही,
बसलेली म्हैस वाटायची.
"अब्बा, चुकलं."
"फळी वाकडी हाय ना,
मग अक्षराला जरा खोटं बोलाय लागतं.
जा, लांबून बघ."
लांबून ते सरळ होतं.

ह्याला शब्द असतो हे मला तेविसाव्या वर्षी कळलं,
दुसरं सत्र, पेपर तीन.
घरी जाऊन सांगितला. अब्बांनी तो दोनदा म्हणून बघितला,
विचारलं, "अक्षरं किती?"

तर पाठ सात.
फळ्यावर दृष्टिरेषा, तिच्यावर लोपबिंदू,
बिंदूत शिरणारे दोन रूळ,
बाजूनं लहान लहान होत गेलेले विजेचे खांब.
फलकलेखनात मला दहापैकी नऊच्या खाली कधी मिळालेले नाहीत.
मॅडम मागच्या बाकावर, मांडीवर निरीक्षण वही.
मी प्रश्न विचारला, टाचणात होता तसा:
लांब जाणारी वस्तू शेवटी काय होते?
अपेक्षित उत्तर: बिंदू.

प्रज्योत तांडेल उभा राहिला.
"बाई, बोट बिंदू नाय होत.
आधी तिचं पोट जातं, मग केबिन,
मग नुसता बावटा रवतो.
मग तोपण नाय."

कोणी हसलं नाही.
निम्म्या वर्गानं ते बघितलेलं होतं,
उरलेल्यांच्या आयांनी.

पुढे टाचणात स्वाध्याय होता: खोका काढा.
मी डस्टर उचललं.
रूळ पुसले, खांब पुसले, बिंदू पुसला.
एक रेघ उरली, तीही पुसून पुन्हा काढली
मधोमध किंचित फुगवून.
म्हटलं, काढा जाणारी बोट.
तुम्हाला शेवटी जेवढी दिसली तेवढीच.

घंटा झाली तेव्हा
एकवीस बावटे, अकरा केबिनी,
आणि एका मुलीनं कागद कोरा ठेवून
खाली कोपऱ्यात तारीख घातली होती.
तारखेचं मी विचारलं नाही.

शेरा: विषयांतर. समारोप नाही. मूल्यमापन अपूर्ण.
फलकलेखन दहापैकी चार, फलक जवळजवळ रिकामा.
सही करायच्या आधी मॅडमनी
तो कोरा कागद उलटून मागून बघितला,
पुन्हा सुलटा केला.

संध्याकाळी उघडीप होती.
अब्बा नव्या बोटीच्या नाळीपाशी, ब्रश दातात.
"फलकलेखनात चार," मी सांगितलं.
"माझ्या पोरीला? चार?"
ते हसले की कण्हले, ब्रशमुळे कळलं नाही.
"जा, सरळ दिसतंय का बघ."
मी मागे गेले.
"अजून."
चपलांत पाणी शिरलं.
"अजून मागं. आता वाच."

शेवटची दोन अक्षरं त्यांनी अजून लिहिलीच नव्हती.
मी तीही वाचली.