अकरा फूट

बर्कनहेडच्या जुन्या गोदीत माझं काम जमिनीखालचं.
नळी ठोकायची, माती वर काढायची,
पिशवीवर खोली लिहून प्रयोगशाळेत धाडायची.
वरचं सगळं इतरांकडे:
चारशे साठ फ्लॅट, एक शाळा, दोन बेकऱ्या,
आणि माहितीपत्रकात
‘पाण्याशी नातं जोडणारा’ चौक.

पहिला मीटरभर विटांचा चुरा.
मग कोळसा, ओला, अजून काळाभोर.
त्याखाली पिवळट काहीतरी निघालं.
गंधक, मी वहीत लिहिलं.
“मका,” कुंपणापलीकडून कुणी म्हणालं.
“अख्खा साठा भिजला होता. इथंच गाडला,
वरून काँक्रीट. मी होतो ना.”
अहवाल आला तीन आठवड्यांनी:
सेंद्रिय पदार्थ, कुजलेला, मूळ अज्ञात.

टेरेन्स गिलफॉइल. छत्तीस वर्षं या धक्क्यावर.
जहाजावरून आलेला दोर झेलायचा,
लोखंडी खुंट्यात अडकवायचा.
बस, एवढंच, तो म्हणाला,
आणि हात खिशात घातले.

विक्री कार्यालयात काचेखाली
सगळी वस्ती मांडून ठेवली आहे.
बोटाएवढी झाडं, तांदळाएवढी माणसं,
एकाच्याही हातात ओझं नाही.
क्रेन ठेवली आहे. नारिंगी रंगवली,
पायथ्याशी दिवे लावले,
पोटातली मोटार तेवढी काढून घेतली.

उद्घाटनाला टेरेन्स कुत्री घेऊन आला.
खुंट्याजवळ थांबला, मग मागे वळून
टाच-चवडा, टाच-चवडा
पावलं मोजत गेला पाण्याच्या बाजूला.
“अकरा फूट,” म्हणाला.
“टेबलांना आडवा येत होता,” मी म्हटलं.
त्या नकाशावर खाली माझीही सही आहे.
ते नाही म्हटलं.

वाटलं, आता बोलेल.
पण त्याने कॉफी मागवली, भाव ऐकून शिवी हासडली,
आणि पहिला घोट घेतल्यावर म्हणाला,
“बावीस वर्षं ही जागा ओस होती.
मी रोज यायचो. कोण भेटायचं? उंदीर.”
त्याच्या लेकीचं नाव यादीत आहे,
परवडणाऱ्या घरांच्या. दोनशे बारावं.
घरं चाळीस.
हा हिशोब त्याने मला करायला लावला नाही,
स्वतःच केला, बोटांवर.

कुत्रीची दोरी त्याने खुंट्याला बांधली,
न बघता. एक वेढा, वर आडवा दुसरा,
टोक खालून आत.
ती गाठ मला ठाऊक होती.
मी यवतमाळकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे
खोलातून दोराने वर येणारी गोष्ट;
बादलीच्या कडीला बाबा अशीच गाठ मारायचे.
भार आला की आवळते.
मातीच्या पिशव्यांनाही मी तीच मारते,
इतकी वर्षं, आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

“पुन्हा दाखवा,” मी म्हटलं.
त्याने सोडली, हळू, माझ्यासाठी,
आणि तेवढ्यात मार्ज निसटली.
नव्या गुळगुळीत फरशीवरून घसरत,
खुर्च्यांखालून, एका बाबागाडीला वळसा घालून,
कडेशी जाऊन थांबली
आणि फरशीच्या सांध्यात नाक खुपसून
जोरजोरात हुंगत राहिली.

“मका,” टेरेन्स म्हणाला,
आणि उरलेली कॉफी पाण्यात ओतली.