नोंदवही, सेक्टर अठरा

नाव. वय. पत्ता.
वैद्यांचा नोंदणी क्रमांक.
बॅच. किती मिली. कशासाठी.
शेवटी सही, निळ्या शाईतच.
नेरूळच्या या गाळ्यात
सहा वर्षं मी हे रकाने भरते आहे,
आणि माझ्या पाठीशी, कुलूपबंद काचेआड
विजया उभी असते
बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्यांत.

पाटीवर आधी तिचं पान होतं.
सोसायटीच्या सेक्रेटरींना ते बघून झोप लागेना.
मग मालकांनी त्यावर तुळशीचा स्टिकर लावला.
उन्हानं डिंक सुटतो,
तुळशीखालून एक कातरलेलं बोट बाहेर डोकावतं.
मी स्टुलावर चढते, आत दाबते.

सरकारनं झाडाची वाटणी केली आहे
भावाभावांनी बांध घालून करावी तशी :
पान इकडे, बी इकडे,
शेंड्याचं फूल तुरुंगाच्या वाट्याला.
झाडाला हे कुणी कळवलेलं नाही.
ते सगळ्यांना एकाच मुळाचं पाणी वाढतं.

तपासणीचे साहेब तीन महिन्यांनी येतात,
बाटल्या मोजतात, वहीशी ताळा करतात.
एकदा एक कमी भरली.
फुटली होती; काचा मी
कागदाच्या पुडीत जपून ठेवल्या होत्या.
त्यांनी पुडी हुंगली.
"असं काही पुड्यांत बांधत जाऊ नका हो," म्हणाले,
आणि हसले नाहीत.

मंगळवारी दुपारी भोपी आले.
हरिश्चंद्र भोपी, हवालदार, निवृत्त,
राहणार करावे गाव.
बायकोच्या हाडांत दुखणं शिरलंय,
खारघरहून आता घरीच न्या म्हणालेत.
वैद्यांची चिठ्ठी चार घड्यांची, घामानं मऊ झालेली.
पेन त्यांनी स्वतःचंच काढलं.
अक्षर बघून मी गप्प झाले :
ठाशीव, डावीकडे समास सोडलेलं,
खाडाखोड माहीत नसलेलं.

"तुर्भ्याला डेपोमागं एक पोरगं धरलेलं,"
मी काही विचारलं नव्हतं.
"चाळीस ग्रॅम. काटा सोनाराचा आणला,
पंच म्हणून पानवाला नि त्याचा मेव्हणा.
तेव्हापण मीच लिवलं. नाव. वय. पत्ता."
बोट वहीवरून सरकत थांबलं.
"हा 'कशासाठी'चा रकाना
तेव्हा नव्हता."

नमुन्याच्या बाटलीचं बूच मी काढून दिलं.
त्यांनी डोळे मिटून वास घेतला,
कितीतरी वेळ,
बाहेर रिक्षावाला कुणाशी सुट्ट्यांवरून भांडत होता.
"तोच आहे," म्हणाले.
मग रकान्यात लिहिलं : झोप.
कुणाची, ते लिहायला जागा नव्हती.

रात्री जिभेखाली तीन थेंब, मी सांगितलं.
चौथा नाही.
मान हलवली, बाटली शर्टाच्या खिशात सोडली,
दारापर्यंत गेले, परत आले.

"पावती द्या बाई.
शिक्का मारून द्या.
रस्त्यात कुणी अडवलं तर."