सारमानसच्या धक्क्यावरून, साईशला

विचारतोस, तिन्ही भाग खेळावेत का.
सव्वाशे तास जातील, साईश.
पहिल्या भागात बंदुकीचा नेम धड लागत नाही,
यानातली लिफ्ट म्हणजे डिचोलीचा तलाठी,
आणि ग्रह सगळे तांबडे, ओसाड.
शिरगावच्या खाणींवर एक चक्कर मार,
पैसे वाचतील.

मी खेळलो ते बार्ज बंद पडली त्या वर्षी,
राखणीला एकटाच, जनरेटरवर,
केबिनमधल्या मुंग्या येणाऱ्या टीव्हीवर.
दर मोहिमेनंतर कप्तान यानभर हिंडतो.
खाली इंजिनापाशी जातो,
दवाखान्यात डोकावतो,
विचारतो, कसं चाललंय?
आणि ती माणसं बोलतात:
घर, बहीण, न भेटता मेलेला बाप.
मग एक दिवस त्यांची वाक्यं संपतात.
कितीदाही जा, तेच:
‘नंतर बोलू, कप्तान.’

अकरा वर्षं तांडेल होतो मी.
खाली इंजिनावर कायतान.
वरून फक्त घंटा द्यायचो,
एक पुढे, दोन मागे.

तिसऱ्या भागाचा शेवट मला पटला नाही.
तो तसाच थांबवून
कुंकळ्ळीला फोन लावला.
‘कोण रे?’
नाव सांगितलं. बराच वेळ काही नाही.
‘बार्ज बुडली गी?’
म्हटलं, नाही. कसं चाललंय?

ओहोटी लागली, बार्ज चिखलाला टेकली,
तरी तो बोलतच होता.

पहिला भाग घे. म्हापशाला जुना मिळतो.
लिफ्टमध्ये जरा कळ काढ.