इतर कागदपत्रे

अजिंठा चौफुलीच्या पुढे, टायरच्या दुकानाला लागून
माझं सेवा केंद्र. खुर्ची माझी, बाक लोकांचा,
पंखा लाईट असली तर सगळ्यांचा.
दिवसभर मी लोकांचं उत्पन्न टाईप करतो.
एक शून्य जास्त पडलं तर मजूर बागायतदार होतो,
म्हणून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचतो.

सुपडू बाविस्कर बाकावर बसत नाही.
चटईच्या कारखान्यात बारा तास उभा असतो,
बसलो तर उठवणार नाही, म्हणतो.
कानामागे अडकलेला प्लास्टिकचा निळा धागा
त्याला माहीत नाही, मीही सांगितलं नाही.
शेजारी हर्षाली. फार्मसीला नंबर लागलाय.
पिशवीत सगळं क्रमाने, झेरॉक्स वेगळ्या.

पासबुक दिलं. महिन्याला चौदा हजार सहाशे.
त्यात बेबाबाईची डाळ मिलमधली रोजी, अडीचशे.
वर्षाची बेरीज केली. मर्यादा अडीच लाखांची,
वर गेले तीन हजार दोनशे.
पुन्हा केली. तेच.

सुपडू हसला. खरंच हसला, पोट धरून:
"आमी इतला शिरीमंत कवय व्हयनूत, भाऊ?"

मग हर्षालीने सांगितलं, स्क्रीनकडे बघत.
सात तारखेला पगार खात्यात पडतो.
आठला एटीएमबाहेर ठेकेदाराचा माणूस, मोटरसायकलवर.
चार हजार सहाशे परत.
नाही दिले तर नऊला गेटवर नाव नसतं.
पासबुकात पैसे आलेले दिसतात,
मोटरसायकल दिसत नाही.

मी म्हणालो, मुनीमकडून खरा पगार लिहून आणा.
म्हणालो खरं, आणि लगेच लाजलो.
तरी तो गेला. मुनीमने चहा पाजला
(हे सुपडूने दोनदा सांगितलं)
आणि म्हणाला, असं लिहून दिलं
तर मलाच आत टाकतील ना रे, बाबा.

माझाही एक फॉर्म होता, अकरा वर्षांपूर्वी.
सही निळ्या पेनाची होती, काळी हवी होती.
कळवायला कोणी आलं नाही, मीही विचारायला गेलो नाही.
ते राहू द्या.

शुक्रवारी बेबाबाई एकटी आली.
भुवयांवर तुरीची भुकटी, काखेत भेंडोळं.
उलगडलं तर तीन वर्षांची कॅलेंडरं,
खिळ्याच्या भोकासकट.
दुधाच्या खाड्यांशेजारी, आठ तारखेच्या चौकोनात,
पेन्सिलीने: ४६००.
एका महिन्यात ४१००, खाली बारीक, '५०० बाकी'.
पुढच्या महिन्यात ५१००.
दिवाळीच्या महिन्यातही ४६००, शेजारी पणतीचं छापील चित्र.

"हाऊ बी कागदच शे ना?"

छत्तीस पानं स्कॅन केली.
फाईल दोनशे छप्पन्न केबीच्या आत बसायला हवी.
लहान करत गेलो तसे आकडे फिके होत गेले.
वाचता येतील तिथे थांबलो, वर दोन केबी होते;
मग एका पानावरचे देव कापले.

अपलोड कुठे करायचं?
उत्पन्नाच्या पुराव्यात हे बसेना.
तहसीलदार, तलाठी, मालक, यादीत सगळे होते,
भिंत नव्हती.
शेवटी, अगदी तळाशी: इतर कागदपत्रे.
सोबत अर्ज जोडला. हर्षालीने फोनवर मजकूर सांगितला,
'परत घेतले जातात' हे शब्द तिचेच.
मी 'काढून घेतात' लिहिलं होतं, तिने बदलायला लावलं.

क्लिक केलं. गोल फिरत राहिलं.
मग: प्रलंबित.

"कवय समजी?"
माहीत नाही, म्हणालो. फी पंधरा तारखेपर्यंत.
साहेब वाचतील की नाही, तेही माहीत नाही.
तिने मान हलवली, कॅलेंडरं पुन्हा गुंडाळली,
आणि कनवटीच्या नोटा काढून वीस पुढे केले.
राहू द्या, म्हणालो.
"नही. ले. आन् पावती दे."

पावतीपुस्तक शोधायला वेळ लागला, कोणी मागतच नाही.
तारीख टाकली, नाव विचारून पूर्ण लिहिलं.
वीस लिहिले.
वीस घेतले.