तीस

जूनच्या पंधरा तारखेला फळ्यावर नियम लिहिले.
अकरावी ब, मराठी, चोपडा.

एक. निबंध सोमवारी म्हणजे सोमवारी.
मंगळवारी आला तर एक गुण गेला,
बुधवारी आला तर दोन,
गुरुवारी आणूच नका, रद्दीत घाला.
दोन. गाईडमधलं उत्तर मला पाठ आहे,
तुमच्या आधी सात वर्षं मी तेच तपासतोय.
तीन. उत्तर प्रमाण मराठीत.
चार. एकदा दिलेला गुण बदलणार नाही,
आई आली, काका आले, सरपंच आले तरी.
पाच. हजेरी पंच्याहत्तर टक्के.
सहा. तास चालू असताना पाणी प्यायला जायचं नाही.

मागच्या बाकावरून कुणी विचारलं,
'सर, घड कापाले गऊत तं हजेरीनं काय?'
वर्ग हसला. मी हसलो नाही.
मी मिरजेकडचा, इथलं पहिलंच वर्ष,
आणि पहिल्या दिवशी हसलं
की वर्ष हातचं जातं.

सहामाहीत रसग्रहण, पाच गुणांचं.
कविता नदीवरची. कोकणातली नदी असावी,
भरून वाहत होती, काठाला माड होते.
एकोणसाठ पेपरांत
'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे',
त्यातले अकरा 'मनोहरी'.
लाल रेघ, अर्धा गुण, लाल रेघ, अर्धा गुण.
साठावा पेपर रोशनी सुपडू भोई हिचा:
'कवितेत पाणी खूप आहे. पण तीस नाही.'
एवढंच. खाली कोरं.

मी 'तीस'भोवती गोल काढला.
समासात लिहिलं: संख्येचा काय संबंध?
पाचपैकी एक.
तोही सुवाच्य अक्षराचा.

पेपर वाटले तेव्हा ती काही बोलली नाही.
चौथा नियम पाठ असणार.
तास संपल्यावर तेवढी आली,
'सर, मांगली पानं कोरी शेतस. फाडी लेऊ का?
भाऊले गणितले व्हतीन.'
पेपर शाळेत जमा करायचे असतात.
हा नियम मी केलेला नाही,
पण तोही पाळला.

मार्चमध्ये स्टाफरूमचा माठ दुपारीच आटायचा.
आधार अण्णा, आमचे शिपाई,
रिकामा तांब्या हलवत म्हणाले,
'भलती तीस लागनी भो, सकायपाईन.'
काय लागली?
अण्णांनी बोट घशाकडे नेलं,
लहान मुलाला दाखवावं तसं.

कपाटाला कुलूप होतं.
गुण केव्हाच ऑनलाइन भरून झाले होते.
घरी येऊन कविता पुन्हा वाचली,
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
पाणीच पाणी.
खरंच नव्हती.

यंदा पुन्हा जून, पुन्हा फळा.
एक लिहिला, दोन लिहिला.
तीन लिहून पुढची जागा सोडली
आणि वर्गाकडे न बघता चारवर गेलो.
सहा लिहून होतोय तोवर
एक पोरगा उभा राहिला,
'सर, तीस लागनी. जाऊ?'
जा म्हणालो.
मग दुसरा उठला.
मग खिडकीकडची अख्खी रांग.
त्यांच्यापैकी कुणाची खरी, कुणाची खोटी,
हे तपासायची माझ्याकडे रीत नाही.

रोशनी आता बारावीत, जिन्यापलीकडच्या वर्गात.
तिला मी अजून काही बोललेलो नाही.

पोरं ओल्या हातांनी परत आली, ढकलाढकली करत.
जाता जाता कुणीतरी
तीनच्या पुढच्या कोऱ्या जागेत
बोटानं काहीतरी लिहिलं.
मी वळून वाचेपर्यंत
वाळलं.